अर्ध्या डावात आलेला माणूस

मराठीत ‘बदली’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. सरकारी नोकराची बदली होते, तेव्हा तो एका ठिकाणचे काम अर्धे सोडतो आणि दुसऱ्या ठिकाणचे अर्धे राहिलेले काम हाती घेतो. मुंबईच्या कापडगिरण्या चालू होत्या त्या काळी ‘बदली कामगार’ नावाचा एक वर्गच होता. कायमचा माणूस आला नाही, की त्याच्या जागी उभे राहावयाचे, हेच त्याचे जीवन. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. बदलीच्या माणसाला आरंभ करावयास मिळत नाही. तो येतो तेव्हा काम चालू असते, बिघडलेलेही असते, आणि बिघडविणारा निघून गेलेला असतो.

केंद्र सरकारच्या दिल्लीतील एका कचेरीत मी कारकून आहे. या नोकरीत एक प्रश्न मला पुष्कळदा पडला आहे. जे काम आपण आरंभिले नाही, त्याच्या बऱ्यावाईटाचे उत्तरदायित्व आपल्यावर किती? या प्रश्नाचा विचार करावयास मला एका अगदी परक्या माणसाने शिकविले. हा माणूस अमेरिकेतील बेसबॉलचा खेळाडू होता आणि पुढे शिक्षक झाला. २ ऑक्टोबर २०२० रोजी तो वारला. त्याची मृत्युवार्ता वाचण्यापूर्वी मला त्याचे नावही ठाऊक नव्हते. त्या वार्तेतील काही आकडे मात्र मनात राहिले, आणि कारकुनाच्या मनात आकडे राहिले म्हणजे तो त्यांचा मागोवा घेतल्यावाचून राहात नाही.

त्याचे नाव रॉन पेरानोस्की. जन्म १९३६ साली न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे. डावखुरा पिचर. ‘पिचर’ म्हणजे बेसबॉलमधील गोलंदाज, असे ढोबळपणे म्हणता येईल. परंतु क्रिकेटच्या गोलंदाजाहून त्याची स्थिती एका बाबतीत फार निराळी आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाज थकला, तर कर्णधार त्याला सीमारेषेवर पाठवितो आणि तासाभराने पुन्हा चेंडू देतो. बेसबॉलमध्ये सामन्याचे नऊ डाव असतात, आणि प्रत्येक डावात तीन फलंदाज बाद होईपर्यंत एक बाजू खेळते. यात पिचरला एकदा मैदानाबाहेर काढले, की त्या सामन्यात त्याला परत येता येत नाही. त्याच्या जागी जो येतो तो बदली पिचर. हा बदली पिचर मैदानाच्या कडेला एका राखून ठेवलेल्या जागेत तासन् तास वाट पाहात बसतो. त्या जागेचे नाव ‘बुलपेन’, म्हणजे शब्दशः बैलांचा कोंडवाडा! तेथून त्याला बोलावणे येते ते प्रायः संकटाच्या वेळीच. आधीचा पिचर दमलेला, शत्रुपक्षाचे एकदोन धावपटू बेसवर येऊन थांबलेले, आणि प्रेक्षक श्वास रोखून बसलेले, अशा वेळी त्याने यावयाचे.

पेरानोस्कीने १९६१ ते १९७३ या तेरा मोसमांत ७३७ सामन्यांत चेंडू टाकले. त्यांपैकी सामन्याचा आरंभ त्याच्या हातून झाला तो फक्त एकदा. उरलेल्या ७३६ वेळा दुसऱ्याने आरंभिलेले काम त्याने हाती घेतले. १९६२ साली ७० सामने, १९६३ साली ६९, १९६७ साली पुन्हा ७०. मोसमाचे सामने सुमारे १६२, म्हणजे दर पाच सामन्यांत दोहोंहून अधिक वेळा त्याला बोलावणे येई. बाकीच्या दिवशीही ते येईल या तयारीने त्याला बसावे लागे. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल यांच्यासारखे विख्यात पिचर होते. लोक तिकिटे काढीत ती त्यांच्यासाठी.

अशा माणसाच्या कर्तृत्वाची मोजदाद कशी करावी, हे त्या खेळाच्या हिशेबनिसांना पुष्कळ काळ कळत नव्हते. पिचरच्या नावे ‘जय’ आणि ‘पराजय’ मांडण्याची तेथे रीत आहे. १९५९ साली पिट्सबर्गच्या रॉय फेस या बदली पिचरच्या नावे अठरा जय आणि एकच पराजय जमा झाला. लोकांनी तोंडात बोटे घातली. जेरोम होल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या वार्ताहराला मात्र त्यात एक विसंगती दिसली. यांतील काही जयांत फेस आला तेव्हा त्याचा संघ पुढेच होता. त्याने ती आघाडी घालविली आणि मग सहकाऱ्यांनी फलंदाजी करून सामना जिंकून दिला. म्हणजे ज्याने आघाडी गमावली त्याच्याच नावे जय! आणि जो निमूटपणे येऊन आघाडी राखून गेला, त्याच्या नावे काहीच नाही. होल्ट्झमनने मग ‘राखलेला सामना’ असे एक नवे मोजमाप सुचविले. १९६९ साली ते अधिकृत झाले. पेरानोस्की तोवर मिनेसोटाच्या संघात गेला होता. त्या वर्षी त्याने ३१ आणि पुढच्या वर्षी ३४ सामने राखले, आणि दोन्ही वर्षी आपल्या लीगमध्ये तो पहिला आला. मागची दप्तरे चाळून १९६३ सालचे २१ सामनेही पुढे त्याच्या नावे मांडले गेले.

हे वाचून मला प्रथम आनंदच झाला. हिशेबाच्या वहीत एक रकाना कमी असला, तर केवढा अन्याय होतो, आणि तो रकाना आखल्याने किती न्याय होतो! परंतु याच वहीत आणखी एक नियम आहे आणि माझा खरा प्रश्न तेथे सुरू होतो. बदली पिचर आला तेव्हा जे धावपटू बेसवर उभे होते, ते त्याच्या चेंडूवर धाव काढून गेले, तरी ती धाव त्याच्या नावे पडत नाही. ज्याने त्यांना बेसवर येऊ दिले त्या आधीच्या पिचरच्या नावे पडते. अशा धावपटूंना तेथे ‘वारशाने आलेले’ असेच म्हणतात.

नियम न्यायाचा आहे. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी का मारावा? ३ ऑक्टोबर १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी संघाविरुद्ध अजिंक्यपदाचा दुसरा सामना चालू होता. डॉजर्सच्या जॉनी पॉड्रेसने आठ डाव उत्तम टाकले. नवव्या डावात एक गडी बाद झाल्यावर शत्रूचा एक धावपटू दुसऱ्या बेसवर पोहोचला. पॉड्रेसला काढून पेरानोस्कीला आणण्यात आले. पुढच्या फलंदाजाने त्याच्या चेंडूवर फटका मारला आणि तो धावपटू घरी पोहोचला. त्यानंतर पेरानोस्कीने उरलेले दोन गडी बाद केले आणि सामना डॉजर्सने चार विरुद्ध एक असा जिंकला. ती मालिका चारच सामन्यांत संपली, आणि डॉजर्सला बदली पिचर लागला तो एवढ्याच वेळेपुरता. आज दप्तर उघडून पाहावे, तर ती एक धाव पॉड्रेसच्या खाती आहे. पेरानोस्कीचे खाते निष्कलंक आहे.

या निष्कलंक खात्याने मला बेचैन केले. त्याचे कारण बेसबॉलमध्ये नव्हते, माझ्या टेबलावर होते.

काही वर्षांपूर्वी माझी बदली एका दुसऱ्या शाखेत झाली. कार्यभार घेताना प्रलंबित प्रकरणांची यादी मिळाली. तीत एका मृत शिपायाच्या विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण होते. नवऱ्याच्या सर्व्हिस बुकात तिचे नाव एक आणि तिच्या कागदपत्रांवर दुसरे. कोणे काळी, कोणा कारकुनाने ऐकून जसे वाटले तसे लिहिले होते. माझ्या आधीच्या गृहस्थांनी त्यावर एक आक्षेप लिहून फाइल वर पाठविली. वरून प्रश्न आला. उत्तर देण्यापूर्वीच ते गेले आणि मी आलो. मी काय केले? मी एक टिपण लिहिले: ‘सदर चूक पूर्वीच्या काळातील असून तिचा या टेबलाशी संबंध नाही.’ वाक्य निर्दोष होते आणि खरेही होते. फाइल फिरत राहिली. पाच महिने गेले.

एके दिवशी ती बाई आली. गढवालकडची, साठीच्या पुढची. मी तिला तेच समजावून सांगितले, की ही चूक आमची नव्हे, जुनी आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबूजी, गलती जिसकी भी हो, पेंशन तो मेरी रुकी है.”

तिला माझा दोष काढावयाचा नव्हता. दोष कोणाचा, या प्रश्नात तिला काडीचेही स्वारस्य नव्हते. माझे सारे बौद्धिक सामर्थ्य मात्र पाच महिने त्या एकाच प्रश्नावर खर्च झाले होते. वारशाने आलेला धावपटू माझ्या डोळ्यांदेखत धाव काढून गेला होता, आणि ती माझ्या खाती पडली नाही, यात मी समाधानी होतो.

तेव्हापासून मला दोष आणि दायित्व या दोन गोष्टी निरनिराळ्या दिसू लागल्या आहेत. दोषाची दृष्टी मागे वळलेली असते. ती विचारते, हे कोणी केले? दायित्वाची दृष्टी पुढे असते. ती विचारते, आता चेंडू कोणाच्या हातात आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबनिसाने द्यावे आणि ते त्याने निःपक्षपातीपणाने द्यावे, यात शंका नाही. परंतु मैदानात उभ्या असलेल्या माणसाने तोच प्रश्न विचारीत बसणे म्हणजे हिशेबाच्या वहीआड लपणे होय. हिशेबाचा नियम बदली पिचरला दोषातून मुक्त करतो. त्या धावपटूला रोखण्याच्या कामातून नव्हे. तो नियम वाचून जो निर्धास्त झाला, तो त्या कामास अपात्र ठरला, असेच म्हणावे लागेल.

येथे आपल्याकडील एका थोर विचाराचा उल्लेख करणे प्राप्त आहे. गीतेने कर्मफळाचा त्याग सांगितला, आणि आपण सारे, विशेषतः नोकरवर्ग, तो उपदेश मोठ्या आवडीने उच्चारतो. ‘आपण आपले काम करावे, पुढचे आपल्या हाती नाही.’ किती सात्त्विक वाक्य! परंतु माझे स्वतःचे टिपण आठवले, की मला त्याचा संशय येतो. गीतेने फळाची आसक्ती सोडावयास सांगितली. आपण पुष्कळदा फळाची आसक्ती ठेवतो आणि दोषाचा संबंध तेवढा सोडतो. काम चांगले झाले तर ते माझे, बिघडले तर ते माझ्या आधीच्याचे. निष्काम कर्माची ही अगदी उलटी मूर्ती आहे. खऱ्या बदली माणसाची स्थिती याच्या नेमकी विरुद्ध असते. जय बहुधा दुसऱ्याच्या नावे जातो, आणि तो काही बोलत नाही. संकट मात्र तो आपले मानून अंगावर घेतो.

यावर कोणी म्हणेल, हे नीतिशास्त्र धन्यांच्या मोठ्या सोयीचे आहे. एकाने बिघडवावे, दुसऱ्याने निमूट निस्तरावे आणि बिघडविणाऱ्याला कोणी विचारू नये! अशाने सज्जन कारकून मरेपर्यंत राबेल आणि आळशी कारकून बढती मिळवील. हा आक्षेप खोटा नाही. कचेरीत तो दररोज खरा होताना दिसतो. म्हणूनच हिशेबाची वही हवी, आणि धाव ज्याची त्याच्या नावे पडावयासच हवी. माझे म्हणणे इतकेच, की वही भरण्याचे काम सामना संपल्यावरचे आहे. शिवाय सारे जग आपल्या पाठीवर घ्यावे असेही पेरानोस्कीच्या चरित्रातून निघत नाही. त्याचा मुख्य चेंडू फलंदाजापाशी येता येता खाली बुडणारा होता. असा चेंडू फलंदाजाला चकवून एकट्याने बाद करण्यासाठी तितकासा नसतो. त्यावर फटका बसतो, परंतु चेंडू जमिनीवरून सरपटत जातो, आणि तेथे आपले सहकारी उभे असतात. म्हणजे या माणसाच्या सामर्थ्याचे मर्मच दुसऱ्यांवरील विश्वासात होते. तेरा मोसम तो टिकला, याचे एक कारण मला हेच वाटते. सारे काही एकट्याने करू पाहणारा इतका टिकत नाही.

त्याच्या टिकावाचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १८ सप्टेंबर १९६३ रोजी सेंट लुईस येथे पहिल्या क्रमांकासाठी चुरस चालली असता तो आठव्या डावात आला, तेव्हा डॉजर्स एका धावेने मागे होते. नवव्या डावात डिक नेन या नवख्या खेळाडूने चेंडू कुंपणापार घालवून बरोबरी साधली. दहाव्या डावात शत्रूचा पहिलाच फलंदाज डिक ग्रोट तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला. एकही गडी बाद नाही आणि एक धाव झाली की सामना संपला, अशी ती अवस्था. हा धावपटू वारशाने आलेला नव्हता, पेरानोस्कीचा स्वतःचा होता. ती धाव झाली नाही. सहा डाव टाकून तेराव्या डावात त्याने सामना जिंकून दिला. दुसऱ्याची चूक निस्तरावयास आलेला माणूस स्वतःही चुकतो, आणि तेव्हा बोट दाखवावयास कोणी उरत नाही. दुसऱ्याची चूक आपली मानून निस्तरण्याची सवय जडलेल्या माणसाला अशा वेळी स्वतःची चूक निस्तरणे जड जात नसावे.

खेळणे संपल्यावर तो डॉजर्सकडे परतला. प्रथम कनिष्ठ संघांतील पिचरांना शिकवू लागला आणि १९८१ ते १९९४ मुख्य संघाच्या पिचरांचा शिक्षक होता. बदली पिचरसाठी निदान १९६९ नंतर एक रकाना तरी होता. शिक्षकासाठी एकही नाही. १९८१ साली फर्नांडो व्हॅलेन्झुएला या मेक्सिकन मुलाने वर्षातील सर्वोत्कृष्ट पिचर आणि सर्वोत्कृष्ट नवोदित हे दोन्ही सन्मान एकाच मोसमात मिळविले. त्याचा तो प्रख्यात उलट्या वळणाचा चेंडू त्याला बॉबी कॅस्टिओ या सहकाऱ्याने शिकविला होता. म्हणजे तेथेही शिक्षकाच्या नावे काही लिहावयाचे नाही. पिचर अडचणीत आला, की सावकाश चालत मैदानाच्या मध्यापर्यंत जावयाचे, दोन शब्द बोलावयाचे आणि परतावयाचे. एकाच डावात त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा जाण्याची वेळ आली, तर त्याला काढावेच लागते, असा नियम. शिक्षकाला बोलण्याची संधीसुद्धा मोजून दिलेली असते!

२८ सप्टेंबर १९८८ चा प्रसंग मला फार आवडतो. ओरेल हर्शायझर हा त्याचा पिचर सलग ५८ डाव एकही धाव न देता सॅन डिएगोच्या मैदानावर उभा होता. ५८ डावांचा तो विक्रम ड्रायस्डेलने १९६८ साली केलेला. तोच ड्रायस्डेल, ज्याच्या मागून पेरानोस्की पूर्वी चेंडू टाकावयास येत असे, आणि जो त्या रात्री समालोचक म्हणून हजर होता. हर्शायझरच्या मनात होते की येथेच थांबावे आणि ज्येष्ठाशी बरोबरी राखावी. व्यवस्थापक टॉमी लासोर्डा आणि पेरानोस्की यांनी त्याला थांबू दिले नाही. तो दहाव्या डावासाठी पुन्हा गेला आणि ५९ डाव झाले. सामना मात्र सोळाव्या डावापर्यंत लांबला आणि डॉजर्स तो हरले. विक्रम हर्शायझरचा. मागे पडला तो जुना सोबती. आणि ‘जा, अजून एक डाव टाक’ हे शब्द कोठल्याही रकान्यात नाहीत.

ते शब्द मला महत्त्वाचे वाटतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्धे काम पुरे करणाऱ्या माणसाने शेवटी दुसऱ्याला त्याचे स्वतःचे काम पुरे करावयास लावले. बदलीच्या माणसाची याहून वरची पायरी मला दिसत नाही.

त्या गढवाली बाईचे काम पुढे सात आठवड्यांनी झाले. मी जुनी दप्तरे काढली, दोन शाखांतून प्रमाणपत्रे आणविली आणि नवे टिपण लिहिले. आदेशावर सही अधिकाऱ्याची. त्यात माझे नाव नाही, आणि नसावे हेच योग्य. मागील थकबाकीही तिला मिळाली, तेव्हा वहीच्या दृष्टीने सारे जमेस जमा झाले. तथापि ते पाच महिने वहीत कोठेच नाहीत. त्या काळात तिने कोणाकडून उसने घेतले असेल, काय विकले असेल, मला ठाऊक नाही. विचारण्याचा धीर झाला नाही. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी ‘कामात तत्पर’ असा शेरा आहे.

आता नवे टेबल मिळाले, की मी प्रलंबित यादी हाती घेतो आणि चूक कोणाची ते पाहण्यापूर्वी कोणाचे काय अडले आहे ते पाहतो. दर वेळी जमते असे नाही. सवय जुनी आहे, आणि ‘पूर्वीच्या काळातील’ हे शब्द लेखणीतून फार सहज उतरतात. ते उतरू लागले, की मी क्षणभर थांबतो. मला तो डावखुरा माणूस दिसतो, कोंडवाड्यातून निघून सावकाश मैदानाकडे येणारा. समोर धावपटू उभा आहे. त्याला तेथे कोणी येऊ दिले, हे साऱ्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. तो मात्र ते विचारीत नाही. तो चेंडू मागतो.